चिंध्यांचा कागद आणि गिऱ्हाईकाची जबाबदारी

फाटक्या वस्त्राचें काय करावें, हा प्रश्न मराठी गृहिणीस फारसा कधीं पडला नाहीं. लुगडें जुनें झालें म्हणजे त्याची गोधडी होई. गोधडी विरली म्हणजे तिचें पायपुसणें होई. आणि जे कपडे बऱ्या स्थितींत उरत ते बोहारणीच्या टोपलींत जाऊन त्यांच्या मोबदल्यांत एखादें पातेलें घरांत येई. ह्या व्यवहारास कोणी मोठें नांव दिलें नव्हतें. परंतु टाकाऊ ठरलेल्या वस्तूंतून पुन्हां उपयोगाची वस्तु निर्माण करावी, हें तत्त्व त्यांत पूर्णपणें अंतर्भूत होतें. आज त्याच तत्त्वास ‘पुनर्निर्मिति’ असें भारदस्त नांव प्राप्त झालें आहे. मात्र नांव मोठें झालें म्हणजे व्यवहार पुरा झाला, असें नव्हे. तो कोठें अपुरा राहतो हें पाहण्यास हातकागदाच्या धंद्याइतकें बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

महाराष्ट्रास हा धंदा नवा नाहीं. दौलताबादेजवळील कागजीपुरा आणि पुणें जिल्ह्यांतील जुन्नर हीं स्थळें पूर्वीं कागदासाठीं प्रसिद्ध होतीं. पुण्याच्या कसबा पेठेंतील कागदीपुऱ्याचें नांव त्याच कारागिरांची आठवण देतें. पेशवे दप्तरांतील रुमालांत बांधलेलें लेखन आजहि अभ्यासकांस वाचतां येतें, याचें पुष्कळसें श्रेय हातानें बनविलेल्या त्या चिवट कागदास आहे. पुढें यंत्राचा स्वस्त कागद आला आणि हौदावर बसणाऱ्या कागद्यांचे हात रिकामे झाले. १९३४ सालीं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडींत जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखालीं ज्या ग्रामोद्योगांस पुन्हां चालना मिळाली, त्यांत कागदाचा उद्योगहि होता. १९४० सालीं पुण्यास हातकागद संस्था निघाली. सुती कापडाच्या चिंध्या व कातरणें हा ह्या धंद्याचा मुख्य कच्चा माल होय.

चिंधीचा कागद कसा होतो? प्रथम चिंध्यांतून गुंड्या, हुक, रबर व कृत्रिम धाग्याचे तुकडे वेंचून काढतात. मग त्या बारीक कापून, स्वच्छ करून, हॉलंडर नांवाच्या यंत्रांत पाण्याबरोबर कित्येक तास फिरवितात. यंत्राच्या पात्यांखालीं वीण उलगडते, तंतु सुटे होतात आणि त्यांचीं टोंकें फुलून येतात. हा लगदा हौदांत सोडून त्यांत जाळीची चौकट बुडवितात. चौकट सपाट वर उचलली कीं पाणी गळून जातें व जाळीवर तंतूंचा ओला पापुद्रा राहतो. तो फडक्यावर उलटवावयाचा, अशा पापुद्र्यांची चळत दाबयंत्रांत दाबावयाची, कागद वाळवावयाचे आणि शेवटीं रुळांमधून काढून त्यांस गुळगुळीतपणा आणावयाचा. शाई पसरूं नये म्हणून त्यांस खळहि द्यावी लागते. ह्या साऱ्या कामांत एकाहि वृक्षावर कुऱ्हाड चालत नाहीं.

असा कागद म्हणजे दुय्यम प्रतीचा माल, अशी समजूत कोणाची असेल तर ती सोडून दिली पाहिजे. कापसांत सेल्युलोजचें प्रमाण शेंकडा ९० हून अधिक असतें. लांकडांत तें सुमारें निम्मेंच असतें. लांकडांतील लिग्निन नांवाचें द्रव्य रसायनांच्या साहाय्यानें काढून टाकावें लागतें. तें तसेंच राहिलें तर कागद लौकर पिवळा पडतो. उन्हांत पडलेलें वर्तमानपत्र दोन-चार दिवसांत पिंवळसर दिसूं लागतें तें मुख्यतः यामुळेंच. सारांश, फेंकून दिलेली चिंधी ही ह्या कामीं नव्या लांकडाहून सरस ठरते.

मग अडचण कोठें आहे? अडचण आहे ती बाजारांत. टाकाऊ माल गोळा करणें हें अर्धें काम होय. त्यापासून झालेली वस्तु विकली गेली तरच उरलेलें अर्धें काम पुरें होतें. २०१८ सालीं चीननें परदेशांतून येणाऱ्या मिश्र रद्दी कागदावर बंदी घातली, तेव्हां अमेरिकेंतील अनेक नगरांत नागरिकांनीं निष्ठेनें वेगळा ठेविलेला कागद घेण्यास कोणी उरलें नाहीं. कित्येक ठिकाणीं तो कचऱ्याच्या ढिगांत पुरावा किंवा जाळावा लागला. नागरिकांची शिस्त कमी पडली नव्हती; कमी पडलें तें गिऱ्हाईक.

ह्या साखळीच्या दुसऱ्या टोंकास माणसें उभीं आहेत, हेंहि विसरतां कामा नये. रस्त्यांवरून कागद, काच व पत्रा वेंचणाऱ्या कष्टकऱ्यांनीं, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, १९९३ सालीं पुण्यांत ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही आपली संघटना उभी केली. रद्दीचा भाव किलोमागें रुपया-दोन रुपयांनीं उतरला तर सुखवस्तु घरांत त्याची कोणी दखलहि घेत नाहीं. परंतु जिची दिवसभराची कमाई पाठीवरच्या पोत्यांत मावते, तिच्या चुलीपर्यंत तो फरक पोंचतो. रद्दीपासून झालेल्या मालास मागणी असेल तर रद्दीस भाव येतो, आणि रद्दीस भाव असेल तर वेंचणारीच्या श्रमास मोल राहतें.

हातकागद महाग असतो, हा आक्षेप खरा आहे. त्यांत मजुरी अधिक आणि उत्पादन थोडें, तेव्हां रोजच्या हिशेबाच्या वहीसाठीं तो परवडणार नाहीं. त्या कामास रद्दीपासून यंत्रावर बनविलेला कागद योग्य होय. परंतु लग्नपत्रिका, मानपत्र, पदवीपत्र, चित्रासाठींचा जाड कागद, जपून ठेवावयाची रोजनिशी, ह्या ठिकाणीं टिकाऊपणास किंमत असते. तेथें हातकागदाचा अधिक दाम वायां जात नाहीं.

दुसरा आक्षेप खरेपणाविषयीं आहे. ‘पुनर्निर्मित’ अशी मोहोर उठविली म्हणजे माल तसा असेलच, असें नाहीं. म्हणून गिऱ्हाईकानें दुकानदारास दोन प्रश्न विचारावेत. ह्यांत टाकाऊ मालाचा अंश शेंकडा किती? आणि तो टाकाऊ माल कारखान्यांतील कातरणांचा, कीं लोकांनीं वापरून टाकलेला? दोहोंचाहि उपयोग आहे. परंतु कातरणें एका जागीं, स्वच्छ मिळतात, वापरलेला माल मात्र घरोघरून गोळा करून निवडावा लागतो. त्यासच मागणीचा आधार अधिक हवा.

तिसरी गोष्ट कपडा घेतांनाच लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडाचा असा लगदा होत नाहीं. त्याचे धागे कागदांत गांठी होऊन बसतात. शुद्ध सुती वस्त्र मात्र अंगावरून उतरल्यावरहि हौदापर्यंत जाऊं शकतें. म्हणजे उद्यांच्या कागदाची प्रत आजच्या कापडखरेदींत ठरते.

जुन्या गृहिणीच्या व्यवहारांत देणारी व घेणारी एकाच घरांत होती. लुगडें देणारीच गोधडी पांघरीत असे. आज त्या दोन भूमिका वेगळ्या झाल्या आहेत. रद्दी वेगळी ठेवून देणारीं घरें अनेक आहेत. त्याच रद्दीची वही मागून घेणारीं थोडीं आहेत. देणाऱ्या हातानें घेण्यासहि पुढें व्हावें, तेव्हांच हें चक्र खऱ्या अर्थानें फिरूं लागेल.