सूर राहिले, शब्दांचे काय?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने संस्थेचा इतिहास सांगावा, संस्थापकांचे ऋण मानावे आणि पुढील पन्नास वर्षांना शुभेच्छा देऊन खाली बसावे, असा संकेत आहे. ते काम आमच्याहून अधिकारी मंडळींनी आज उत्तम रीतीने केलेच आहे. तेव्हा आम्ही थोडी आडवाट धरणार आहोत. ही वाट आयर्लंडवरून जाते. परंतु ती शेवटी आपल्याच मंडळाच्या दारात येऊन थांबते, एवढे आश्वासन आरंभीच देतो.

गेल्या मार्च महिन्यात येथे दिल्लीतच आयर्लंडच्या पारंपरिक गायन-वादनाचा एक कार्यक्रम ऐकण्याचा योग आला. एका स्नेह्याने प्रवेशिका दिल्या आणि कचेरी सुटल्यावर आम्ही उभयता गेलो. आम्ही संगीताचे जाणकार नव्हे. आयुष्यभर हाताखालून कागद गेले, स्वर नव्हे. तरीही त्या संध्याकाळी जे ऐकले ते अद्याप मनातून जात नाही.

मंचावर अवघे चौघे कलावंत होते. एकाच्या हाती व्हायोलिन, एकाच्या हाती लाकडी बासरी. तिसऱ्याच्या मांडीवर त्यांचे ते प्रसिद्ध ‘इलन पाइप्स’. लष्करी बँडमधील मशकबीन आपण पाहिलेली असते. ती उभ्याने, तोंडाने फुंकून वाजवितात. हे वाद्य बसून वाजवावयाचे. एका काखेत भाता, दुसऱ्या काखेत हवेची पिशवी. कोपराने भाता दाबीत राहावयाचे आणि बोटांनी सूर काढावयाचे. ‘इलन’ ह्या शब्दाचे मूळ आयरिश भाषेतील कोपर ह्या शब्दातच आहे. साथीला ‘बाउरॉन’ नावाचे, एका बाजूने बकऱ्याचे कातडे मढविलेले चर्मवाद्य होते. ते पाहताच सौभाग्यवती आमच्या कानाशी लागून म्हणाल्या, ‘‘अहो, हा तर आपल्या शाहिरांचा डफ!’’ फरक इतकाच, की ते आखूड दांडीने वाजवितात.

त्यांच्या नृत्याच्या चालींत ‘जिग’ आणि ‘रील’ हे दोन प्रकार मुख्य. जिगमधील तीन-तीनची सहा मात्रांची झुलती चाल ऐकताना दादरा आठवावा, आणि रीलच्या चारचारच्या धावत्या लयीत केरवा. चालीचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, मग पुन्हा पहिल्यापासून. एक चाल संपते न संपते तोच दुसरी तिच्यात मिसळते. सभागृहात विशी-पंचविशीची मुले पुष्कळ होती. ती टाळ्यांचा ठेका धरून डोलत होती. भाषेची अडचण कोणासही भासली नाही.

मध्यंतरानंतर एक प्रौढ बाई एकटीच मंचावर आली. साथीला वाद्य नाही. ह्या गायकीला ते ‘शॅन-नोस’ म्हणजे ‘जुनी रीत’ म्हणतात. आयरिश भाषेतील गाणे, डोळे मिटलेले, एकेका अक्षरावर बारीक हरकती, आणि तालाचे बंधन नाही. निवेदकाने सांगितले की ह्या गाण्याच्या बैठकीत श्रोत्यांपैकी एखादा जवळ जाऊन गाणाऱ्याचा हात हातात घेतो आणि तो हळूहळू फिरवीत राहतो. सुखदुःखात सोबत असावी म्हणून. आणि गाणे संपवितानाही एक जुनी चाल आहे. शेवटचे शब्द पुष्कळदा गात नाहीत. सूर सोडून ते साध्या बोलण्यात म्हणतात. त्या बाईने तसेच केले. गाणे संपले हे कळण्यास आम्हांस क्षणभर वेळ लागला.

येथेच आमच्या मनात प्रश्न उभा राहिला. वाद्यांच्या चाली साऱ्या जगात पोहोचल्या. मग हे गाणे एकटे का राहिले? पुढील काही रविवार आम्ही ह्या प्रश्नामागे वाचनालयात घालविले. जे हाती लागले ते थोडक्यात सांगतो.

सन १७९२ च्या जुलै महिन्यात बेलफास्ट येथे आयर्लंडच्या जुन्या हार्पवादकांचा मेळावा भरला. दहा आयरिश वादक आले. त्यांतील बरेच अंध होते. डेनिस हेम्पसन नावाचे वादक सत्त्याण्णव वर्षांचे होते आणि नखे वाढवून तारा छेडण्याची प्राचीन पद्धत त्यांनी राखली होती. त्यांचे वादन टिपून घेण्यासाठी एडवर्ड बंटिंग नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण नेमला होता. ह्या कामाचे त्याला वेड लागले आणि त्याने जन्मभर चाली गोळा केल्या. त्याचा शेवटचा संग्रह १८४० साली निघाला. परंतु बंटिंगला स्वतःला आयरिश भाषा येत नव्हती. गाण्यांचे शब्द गोळा करण्यासाठी त्याने १८०२ साली पॅट्रिक लिंच नावाच्या जाणकारास पश्चिमेकडील प्रांतात धाडले. शब्द जमलेही, पण बंटिंगचे जे संग्रह छापले गेले त्यांत पियानोवर वाजविण्याजोग्या चाली आल्या, आयरिश शब्द आले नाहीत.

त्यानंतर १८४५ पासून बटाट्याच्या पिकावरील रोगामुळे महादुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि निदान तितकीच देशोधडीला लागली. आयरिश बोलणारा गरीब शेतकरीच त्यात सर्वाधिक भरडला गेला. जो जहाजात चढला, त्याने बरोबर नेता येईल ते नेले. चाल नेता आली. भाषा मात्र अमेरिकेच्या बंदरात उपयोगाची नव्हती.

ह्या परागंदा लोकांत एक गृहस्थ असे निघाले की त्यांचे चरित्र वाचताना आम्हां सरकारी नोकरांची मान ताठ व्हावी. फ्रान्सिस ओनील. जन्म १८४८, कॉर्क परगणा. पोरवयात घर सोडून जहाजावर गेले, समुद्रात जहाज फुटण्याचा प्रसंग अनुभवला आणि १८७३ साली शिकागोच्या पोलीस दलात भरती झाले. चोराशी झालेल्या झटापटीत लागलेली गोळी जन्मभर शरीरात राहिली. १९०१ मध्ये ते त्या महानगराचे पोलीसप्रमुख झाले. परंतु आज त्यांचे नाव राहिले आहे ते त्या हुद्द्यामुळे नव्हे. १९०३ साली त्यांनी आयरिश संगीताच्या १८५० चालींचा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि आयर्लंडमधील वादक स्वतःच्याच चाली त्या शिकागोच्या पोथीतून शिकू लागले.

ह्या कार्याचा आरंभ फार साधा आहे. ओनीलना स्वरलेखन येत नव्हते. त्यांच्याच खात्यात त्याच आडनावाचे, पण नात्याचे नसलेले जेम्स ओनील होते. त्यांना ते येई. फ्रान्सिस ह्यांनी लहानपणी आईवडिलांच्या तोंडून ऐकलेल्या चाली आठवून म्हणावयाच्या आणि जेम्स ह्यांनी त्या कागदावर उतरावयाच्या. बस्स. दोन नोकरदार, एक वही, आणि घरी ऐकलेले काहीतरी.

परंतु त्यांच्याही पोथ्यांचा भर चालींवरच राहिला. आजची स्थिती पाहा. १९५१ साली स्थापन झालेल्या ‘कोल्तस’ ह्या संस्थेच्या शाखा देशोदेशी आहेत. वयोगटांप्रमाणे मुलांच्या स्पर्धा होतात. तोक्योपासून न्यूयॉर्कपर्यंत जिग वाजते. २०१७ मध्ये युनेस्कोने इलन पाइप्सचे वादन मानवजातीच्या वारशात नोंदविले. आयरिश भाषेला तर १९३७ च्या राज्यघटनेने प्रथम राजभाषेचा मान दिला. तिच्यातील गाण्याच्या स्पर्धाही होतात. पण ती रोजच्या व्यवहारात नांदते ती मुख्यतः पश्चिम किनाऱ्यावरील थोड्या भागांत. घटना भाषेला पद देते. स्वयंपाकघरात तिला माणसांनीच बोलावे लागते.

आता आपल्याकडे वळू. आमच्याकडे नेमके उलट घडले. हॅरी ॲक्वर्थ हे सनदी अधिकारी, पुढे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. वडाळ्याच्या कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयास त्यांचेच नाव आहे. त्यांनी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांनी खटपट करून १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला. तो नसता तर कित्येक पोवाडे गोंधळ्यांच्या पिढीबरोबरच गेले असते. पण त्या पुस्तकात शब्द आहेत, चाल नाही. डफ-तुणतुण्यावर तो शाहीर नेमका कसा उभा राहत होता, कोठे थांबत होता, हे छापील अक्षरांतून कळत नाही. आयर्लंडात सूर राहिले, शब्द गेले. आमच्याकडे शब्द राहिले, सूर गेले.

दोन्ही एकत्र राहिल्याचेही उदाहरण आहे, आणि योगायोग असा की ते एका आयरिश स्त्रीच्या हातचे आहे. डब्लिनला संगीत शिकलेल्या मार्गारेट कझिन्स १९१९ साली आंध्रातील मदनपल्ली येथे होत्या. रवींद्रनाथ तेथे आले असता त्यांनी ‘जन गण मन’ गाऊन दाखविले, आणि कझिन्सबाईंनी त्या चालीचे स्वरलेखन करून ठेवले. शब्द कवीचे, स्वराची नोंद परदेशी बाईची. आज ते गीत कानी पडताच आपण सारे उभे राहतो.

मंडळी, आता आपल्या दारात येऊन पोहोचलो. पन्नास वर्षांपूर्वी ह्या मंडळाची बहुतेक कुटुंबे करोल बाग, पहाडगंज, सरोजिनी नगर, रामकृष्ण पुरम अशा हाकेच्या अंतरावर राहत. आज ती नोएडा, गुरुग्राम, द्वारका, गाझियाबाद अशी विखुरली आहेत. तरीही आपला गणेशोत्सव थाटाने होतो. आपल्या मुलामुलींचे ढोल-ताशाचे पथक आहे आणि ते उत्तम वाजविते. लेझीम आहे, तबल्याचे वर्ग आहेत. त्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु विसर्जनाच्या दिवशी ढोल थांबून आरती सुरू झाली, की तीच मुले खिशातून मोबाईल काढून रोमन लिपीत लिहिलेली आरती वाचतात. दुसऱ्या कडव्याला आवाज उतरतो. त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ठेका आम्ही त्यांच्या हाती दिला. शब्द त्यांच्या हाती कोणी दिले?

हा प्रश्न दुसऱ्यास विचारण्यापूर्वी स्वतःस विचारणे भाग आहे. आमच्या मातोश्री सातारा जिल्ह्यातील. उतारवयात त्या दिल्लीस आमच्या क्वार्टरमध्ये राहावयास आल्या. जाते गावीच सुटले होते. पण दुपारी तांदूळ निवडताना, नातीला थोपटताना त्या जात्यावरच्या ओव्या म्हणत. भावाच्या, माहेराच्या, विठ्ठलाच्या. आणि काही त्यांच्या स्वतःच्या असाव्यात. त्याच खोलीत टेबलाशी बसून आम्ही घरी आणलेल्या फायलींवर टिपणी लिहीत असू. तीस वर्षांत किती हजार कागदांवर आम्ही सविस्तर शेरे लिहिले, त्याची गणना नाही. आईची एकही ओवी लिहून घेतली नाही. उद्या घेऊ, असे वाटत राहिले. आता मातोश्री नाहीत. चाल आम्हांस पुरती येते. शब्द अर्धेमुर्धेच आठवतात. त्या बाईचे गाणे ऐकताना डोळे का भरून आले, ते घरी परतल्यावर कळले.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ह्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखांहून अधिक ओव्या मिळविल्या. त्यांतील कित्येक गाणारणींच्या आवाजासह जतन झाल्या आहेत. एवढा व्याप आपल्या आवाक्यातला नाही. पण ओनीलची वही आपल्या आवाक्यातली आहे. आमची सूचना इतकीच, की ह्या सुवर्णमहोत्सवी वर्षापासून मंडळाने एक वही ठेवावी. प्रत्येक मासिक बैठकीत एका ज्येष्ठ सदस्याने घरचे एक गाणे म्हणावे: ओवी, अंगाई, भोंडल्याचे गाणे, गौळण, काहीही. एका मुलाने ते मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे, आणि दुसऱ्याने शब्द देवनागरीत उतरवावे. न कळलेल्या शब्दाचा अर्थ तेथल्या तेथे विचारावा. कोणी म्हटले, कोणाकडून शिकले, गाव कोणते, तारीख कोणती, हे शेवटी लिहावे. चाळीस बैठकांत चाळीस गाणी होतील. त्यांतील दहा मुलांच्या ओठी बसली तरी पुष्कळ झाले.

आरंभ स्वतःपासून करावा, म्हणून एक विनंती करून आम्ही आपली रजा घेतो. सातारा, वाई, कोरेगाव ह्या बाजूच्या ज्या माताभगिनी येथे बसल्या आहेत, त्यांनी भोजनापूर्वी कृपया आम्हांस गाठावे. आम्ही चाल गुणगुणून दाखवू. शब्द कोणास येत असतील तर सांगावेत. वही सोबत आणली आहे.