कुठे सापडले, तेही लिहा

पदवीधर मित्रमैत्रिणींनो, तुमच्यातले फार थोडे इतिहासकार होतील. तरी गावोगावच्या इतिहास मंडळांविषयीच बोलतो, कारण त्यांचे काम बहुतांशी इतिहासकार नसलेल्यांनीच उभे केले आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला १३,०००हून अधिक चांदीची नाणी सापडली. सगळी क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला. ती सुटी सुटी सराफाकडे गेली असती तर त्यांची किंमत वजनाइतकीच उरली असती. साठा एकत्र तपासला गेला, म्हणून पांडवलेण्यांतल्या सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिच्या शिलालेखातला नहपानाच्या क्षहरात कुळाच्या उच्छेदाचा दावा आईने केलेले कौतुक एवढाच राहिला नाही. वस्तू कुठे आणि कशाच्या सोबत मिळाली, ही नोंद वस्तूइतकीच मोलाची असते, आणि ती वेळेवर करायला जवळ राहणारा माणूसच लागतो.

हे हौशी लोकांचे काम नव्हे, असा आक्षेप येतो. वाचनाची शिस्त शिकावी लागते, हे खरेच. पण वि. का. राजवाडे कोणत्या विद्यापीठाच्या आधाराने दप्तरे धुंडाळत फिरले? १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले तेही अशाच धडपडीतून. आता सगळे स्कॅन करून टाकले की झाले, असेही कुणी म्हणेल. पंचवटीतल्या, त्र्यंबकेश्वरातल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या घ्या. त्यांत यात्रेकरूंची गावे, कुळे, पिढ्या आहेत. कोणती वही कोणत्या घराण्याकडची, हे टिपले नाही तर पाने स्वच्छ दिसतील, पण त्यांचा एकमेकांशी असलेला धागा तुटेल.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे: स्थानिक इतिहासातून स्थानिक अभिमानच वाढतो. अनेकदा वाढतो, नाकारत नाही. स्मरणिका चाळल्या तरी कळते. मात्र पुरावा नीट वाचला तर तो अभिमानाला फारसा वाव देत नाही. नाशिकच्या लेण्याला देणगी देणारा उषवदात हा शक, नहपानाचा जावई. त्याने ३,००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले, २,००० दरमहा शेकडा एक आणि १,००० शेकडा पाऊण व्याजाने. म्हणजे परका म्हणावा असा दाता, बौद्ध भिक्षू आणि इथले कारागीर एकाच व्यवहारात बांधलेले. याच शहरात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्यात कोण आले, कुठून आले, दार कुणी अडवले, हेही मंडळाच्या वहीत असलेच पाहिजे. डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांची नावे ग्रंथांत आहेतच. खेड्यांतून आलेल्या बाकीच्यांची नावे शोधायची तर त्यांच्या नातवंडांच्या घरी जावे लागेल, आणि त्यांतली काही नातवंडे याच सभागृहात बसलेली असू शकतात.