निरोपाच्या तीन उंची

बिनतारी संदेशाच्या सूक्ष्म लहरी सरळ रेषेंत जातात. पृथ्वी मात्र वाटोळी आहे. म्हणून दूरच्या दोन गांवांमधील मध्यस्थ उंच जागीं बसवावा लागतो. किती उंच, हाच संशोधकांपुढील प्रश्न होय.

विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून स्थिर भासतो. असे तीन उपग्रह बहुतेक सारें जग व्यापतील, हें आर्थर क्लार्क यांनीं १९४५ सालीं दाखवून दिलें. परंतु लहरीला वर जाऊन खालीं येण्यास सुमारें पाव सेकंद लागतो आणि संभाषण अडखळतें. ५५० किलोमीटरवरील उपग्रहांत हा विलंब फारसा उरत नाहीं. पण ते कांहीं मिनिटांतच क्षितिजाआड जातात, म्हणून त्यांचा मोठा ताफा लागतो.

वीस किलोमीटरवरील फुगा याहून जवळचा, पण वाऱ्याच्या स्वाधीन. ‘लून’ योजनेचे फुगे उंची बदलून सोयीचा वारा गांठीत. २०१७ सालीं मारिया वादळानें प्वेर्तो रिकोंतील बहुतेक मनोरे निकामी केले, तेव्हां या फुग्यांनीं तेथील लोकांस निरोपाची वाट मोकळी करून दिली. खर्चाचा मेळ न बसल्यानें २०२१ सालीं ती योजना गुंडाळण्यांत आली.

तात्पर्य, कोणतीही एक उंची पुरेशी नाहीं. मनोरा, फुगा व उपग्रह यांनीं परस्परांची उणीव भरून काढावी, असें जाळें विणणें हेंच संशोधनाचें काम होय. संकटाच्या रात्रीं आप्तांची खुशाली कळणें त्यावरच अवलंबून आहे.