मांडणीवरच्या तीन बाटल्या

मैत्रिणींनो, हातातली कामं चालू ठेवा, तव्यावरची भाकरी करपू देऊ नका; कान तेवढे माझ्याकडे असू द्या. आज मी पिण्याच्या पाण्याबद्दल बोलणार आहे, आणि थोडं माझ्या एका चुकीबद्दलही.

मागच्या आषाढातली गोष्ट. माझी पुतणी नववीत शिकते. एक दिवस ती शाळेतून तीन छोट्या बाटल्या घेऊन आली. वर्गातल्या मुलामुलींनी गावचं पाणी तपासायचं ठरवलं होतं. या बाटलीत आधीच औषध असतं. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि उबेच्या जागी एक-दोन दिवस ठेवून द्यायचं. पाणी काळं पडलं, तर त्यात विष्ठेतून येणारे जंतू असण्याची दाट शक्यता. पुतणीने एक बाटली गावच्या टाकीवर भरली, दुसरी आमच्या नळाला आणि तिसरी आमच्या माठातून. तिन्ही मांडणीवर ओळीने ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघितलं, तर टाकीची बाटली होती तशीच होती. नळाची आणि माठाची मात्र शाईसारखी काळी.

सासूबाईंना काही पटेना. म्हणाल्या, "पाणी तर आरशासारखं नितळ आहे. शिवाय आपण गाळून पितो." त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. त्यांच्या तरुणपणी नारू होता. पाण्यातल्या बारीक किड्यांतून तो पोटात जायचा, आणि ते किडे फडक्यात अडकायचे. गाळून पिण्याचा नारू हटवायला मोठा उपयोग झाला. २००० साली आपला देश नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. पण हगवणीचे, काविळीचे जंतू त्या किड्यांपेक्षा फारच लहान. ते फडक्यातून सहज पार होतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत.

पुतणी मला म्हणाली, "काकू, पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत या बाटल्या दाखवायच्या." मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "गप बस. लहान तोंडी मोठा घास घेऊ नको. गावाचं नाव खराब होईल." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि भाऊ परत आजारी पडला तर?"

आदल्या पावसाळ्यात तिच्या धाकट्या भावाला जुलाब-उलट्या झाल्या होत्या. पोराचे डोळे खोल गेले होते. दोन दिवस सलाईनवर होता. आम्ही सगळ्यांनी जत्रेतल्या भज्यांना दोष दिला. घरच्या पाण्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या रात्री मला एक वाचलेली गोष्ट आठवली. कॅनडात रायन ह्रेलजॅक नावाचा पहिलीतला मुलगा होता. १९९८ साली त्याच्या बाईंनी वर्गात सांगितलं, की जगात काही मुलांना प्यायला चांगलं पाणी नाही आणि सत्तर डॉलरमध्ये एक विहीर होते. रायनने घरातली कामं करून चार महिन्यांत सत्तर डॉलर जमवले. पैसे द्यायला गेला तेव्हा कळलं, की एवढ्यात फक्त हातपंप येतो, विहिरीला दोन हजार लागतात. तो म्हणाला, मग मी आणखी कामं करीन. त्याचं बघून इतरांनीही हातभार लावला आणि १९९९ मध्ये युगांडातल्या एका शाळेजवळ ती विहीर झाली. पुढे त्याच्या नावाने संस्था उभी राहिली, अनेक ठिकाणी पाण्याची कामं झाली. मुलाची जिद्द तर खरीच. पण मी विचार करत राहिले त्याच्या आई-वडिलांचा. त्यांनी त्याला 'गप बस' म्हटलं असतं, तर?

आज जगात सुमारे २१० कोटी माणसांना, म्हणजे दर चारांत एकाला, घरात, हवं तेव्हा आणि खात्रीचं स्वच्छ पाणी मिळत नाही. त्यांत कितीतरी घरांत नळ आहे, जवळ विहीरही आहे. पाणी आहे, पण त्याची खात्री नाही. आमचंही तसंच होतं.

ग्रामसभेत पुतणी आणि तिच्या दोन मैत्रिणी उभ्या राहिल्या. एक-दोघे हसले. जलसुरक्षक जरा चिडले, म्हणाले, "मी रोज टाकीत टीसीएल टाकतो." मुली म्हणाल्या, "हो काका, म्हणूनच टाकीची बाटली चांगली आहे. बिघाड पुढे कुठेतरी आहे." मग मात्र सगळ्यांनी बाटल्या हातात घेऊन बघितल्या.

दुसऱ्या दिवशी मुलं जलसुरक्षकांबरोबर पाइपलाइनवरून चालत गेली. आमच्या आळीच्या तोंडाशी व्हॉल्व्हचा खड्डा गटाराच्या पाण्याने भरला होता आणि आतला जोड ढिला होता. नळ चालू असताना पाणी बाहेर गळायचं. नळ बंद झाला, की रिकामा पाइप तेच घाण पाणी आत ओढून घ्यायचा. ग्रामपंचायतीने जोड बदलला, खड्डा बांधून उंच केला. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. तोवर आम्ही पाणी उकळून प्यायलो.

मग मुलांनी पुन्हा बाटल्या भरल्या. नळाची चांगली राहिली. आमच्या माठाची परत काळी! आता दोष कुणाला देणार? आम्ही सगळेच माठात तांब्या बुडवत होतो, बोटांसकट. पोरंही बाहेरून खेळून आली, की तशीच. गावाचा खड्डा गावाने बुजवला, माठ मात्र माझाच होता. मी माठ घासून उन्हात वाळवला आणि दांडीचं ओगराळं आणलं. पुढच्या खेपेला बाटली काळी पडली नाही.

मैत्रिणींनो, तुमच्याही गावात पाणी तपासायची पेटी असेल. जलजीवन मिशनमध्ये दर गावातल्या पाच बायकांना हे शिकवायचं ठरलेलं आहे. ती पेटी कपाटात पडून असेल, तर बाहेर काढा आणि शाळेतल्या मुलांना सोबत घ्या. पावसाळ्यात तर नक्कीच. बाटली काळी पडली तर घाबरू नका, पण लपवूही नका. प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत पाणी चांगलं खळखळून उकळा. काळ्या बाटलीला हात लागला, तर साबणाने धुवा. पाणी झाकून ठेवा आणि ओगराळ्यानेच काढा.

आणि घरातल्या मुलीने काही विचारलं, तर माझ्यासारखं 'गप बस' म्हणू नका. आधी बाटली बघा.