छऱ्याच्या बंदुकीची नळी : लांब कीं आखूड?

शिकारीच्या गप्पा निघाल्या म्हणजे वाघ आणि गवे यांचींच वर्णनें फार होतात. परंतु उडत्या पक्ष्यावर बार टाकणाऱ्यांमध्यें एक साधा दिसणारा वाद पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे : बंदुकीची नळी लांब असावी कीं आखूड?

कोल्हापूर संस्थान शिकारीसाठीं प्रसिद्ध होतें. राजर्षि शाहू छत्रपतींच्या कारकीर्दींत (१८९४ ते १९२२) पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार होत असे. नव्या राजवाड्यांतील संग्रहालयांत शिकारीचीं स्मृतिचिन्हें आजहि पाहावयास मिळतात. माळावरचे तितर-लावे आणि हिंवाळ्यांतील तळ्यांवरचीं बदकें यांना मात्र एकच हत्यार सारखें लागू पडत नाहीं.

लांब नळी बार दूर फेकते, ही समजूत अगदींच निराधार नाहीं. ती जुन्या काळची आहे. ठासणीच्या बंदुकींतील काळी दारू सावकाश जळे, म्हणून तिला लांब नळी लागे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेली धूरविरहित दारू नळीच्या पहिल्या भागांतच जळून जाते. बारा बोअरच्या बंदुकींतून छर्रा सेकंदास सुमारें १२०० फूट वेगानें सुटतो. नळी एक इंच कमीजास्त झाल्यास त्यांत पांच-दहा फुटांचाच फरक पडतो. छर्रे किती पसरतील हें नळीच्या तोंडाशीं ठेवलेल्या आवळपणावर, म्हणजे चोकवर अवलंबून असतें. पूर्ण चोक असेल तर ४० यार्डांवर ३० इंचांच्या वर्तुळांत सुमारें ७० टक्के छर्रे पडतात. सरळ नळींतून सुमारें ४० टक्केच.

मग आवडीनिवडीचें कारण काय? तोल. लांब नळीचें वजन पुढें पडतें. ती उंचावरून जाणाऱ्या बदकामागें संथ व अखंड फिरते. आखूड नळी झुडपांतून भुर्रकन उठणाऱ्या लाव्यावर लौकर येते, पण हात थबकतांच तीहि थबकते आणि बार पक्ष्याच्या मागें जातो. लंडनचे बंदूककार रॉबर्ट चर्चिल यांनीं १९२० नंतरच्या दशकांत २५ इंची नळीचा पुरस्कार केला, तेव्हां जुन्या मताच्या शिकाऱ्यांना तें रुचलें नाहीं. चर्चिलनीं नळीवरील पट्टी उंच व निमुळती केली. त्यामुळें आखूड नळी डोळ्यांस लांब भासे.

हा केवळ हौसेचा प्रश्न नव्हे. काठाचे दोन-तीन छर्रे लागलेला पक्षी पुष्कळदां जागीं पडत नाहीं; तो दूर उसांत वा लव्हाळ्यांत जाऊन तडफडत मरतो. लांब नळीच्या भरंवशावर आटोक्याबाहेर बार टाकणारा नेमका हाच अपराध करी. चांगल्या शिकाऱ्याची परीक्षा बार राखून ठेवण्यांत होई.

दाजीपूरचें रान १९५८ मध्यें अभयारण्य झालें. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यांतील १९९१ ची दुरुस्ती यांमुळें हौसेची शिकार बंद झाली. परवान्यावांचून नळी कापून आखूड करण्यास १९५९ च्या शस्त्र कायद्यानें मनाई आहे. तो जुना वाद आतां यंत्रानें फेकलेल्या तबकड्यांवर खेळला जातो, आणि तेथें ३०-३२ इंची नळ्यांना पसंती आहे. कोल्हापूरचा नेमहि लोपला नाहीं : तेजस्विनी सावंत २०१० मध्यें जगज्जेत्या झाल्या, राधानगरी तालुक्यांतील स्वप्नील कुसळे यांनीं २०२४ मध्यें पॅरिसला कांस्यपदक मिळविलें. त्यांचें हत्यार रायफल. परंतु ज्यावर नेम धरला तें लक्ष्य निर्जीव होतें, आणि त्यासाठीं कोणाचाहि जीव गेला नाहीं.