परक्या घरातले मूल आणि शाळा

(वसई-विरार परिसरातील शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

शाळा जूनमध्ये उघडते; परंतु काही मुले तिच्या दाराशी ऑगस्टात येतात, तर काही दिवाळीनंतर. वसई तालुक्याला हे नवीन नाही. पूर्वेकडील पट्ट्यात वीटभट्ट्यांवर कामासाठी कुटुंबे दिवाळीनंतर उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. नालासोपारा-विरारच्या वस्तीत भाड्याची खोली बदलली की मुलाची शाळाही बदलते. अशा अवेळी येणाऱ्या मुलांतच एखादे असे असते की त्याच्यासोबत आई नसते आणि वडीलही नसतात. मावशी, आजी किंवा रक्ताचे कोणतेच नाते नसलेली एखादी बाई त्याचे बोट धरून येते आणि प्रवेश-अर्जातील पालकाच्या रकान्यापाशी अडखळते. प्रस्तुत विवेचन या मुलाविषयी आणि त्या अर्जाच्या पलीकडे बसलेल्या शिक्षकाविषयी आहे.

ज्याला स्वतःचे घर उरले नाही, किंवा असूनही तेथे राहता येत नाही, अशा मुलाला संस्थेत न ठेवता कुटुंबात वाढवावे, हे तत्त्व आता कायद्याने मान्य केले आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ नुसार बालकल्याण समिती असे मूल अल्प किंवा दीर्घ मुदतीसाठी दुसऱ्या कुटुंबाकडे सोपवू शकते. भावंडे शक्यतो एकत्र ठेवावीत, आईवडिलांना भेटीची मुभा असावी, समितीने दरमहा पाहणी करावी, असेही तेथे सांगितले आहे. दत्तकविधान आणि ही व्यवस्था यांतील फरक मात्र ध्यानात घ्यावयास हवा. दत्तक मूल त्या घराचे कायमचे होते. संगोपनासाठी दिलेले मूल उद्या आपल्या आईकडे परत जाईल किंवा तिसऱ्याच घरी जाईल, ही शक्यता मोकळी असते. कायद्याच्या दृष्टीने ती मोकळीक योग्यच आहे. पण नऊ वर्षांच्या मुलाला ती रात्री झोपू देत नाही.

महाराष्ट्रात अशा मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. २०२३ मध्ये तिचे साहाय्य दरमहा २,२५० रुपये करण्यात आले आणि तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. योजनांना थोरांची नावे देण्याची आपल्याकडे रीतच आहे. या ठिकाणी मात्र ते नाव नेमके शोभते. १८७४ साली काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा जोतीराव-सावित्रीबाईंच्या आश्रयाला आली. तिचा मुलगा यशवंत त्या दांपत्याने आपला म्हणून वाढविला. समाजाने त्याचे जन्मरहस्य विसरण्याचे नाकारले. त्याच्या विवाहातही तेच आडवे आले. १८९० मध्ये जोतीराव निवर्तले, तेव्हा दत्तक पुत्राने टिटवे धरावे की नाही यावर नातलगांनी वाद घातला आणि अखेर सावित्रीबाईंनी स्वतः ते हाती धरले. पुढे यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात पुण्याबाहेर त्याच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाईंचा अंत झाला. ज्या घरात एवढे प्रेम होते, त्या घरातील मुलालाही तू कोणाचा, हा प्रश्न सोळा वर्षांनंतर भर अंत्ययात्रेत ऐकावा लागला. मग आजच्या वर्गातील मुलाला तो रोज ऐकू येत असल्यास नवल ते काय?

शिक्षकाला असे मूल प्रथम दिसते ते त्रास म्हणून. समजा, चौथीच्या वर्गातील एक मुलगा मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन झाल्यावर उरलेली मूठभर कागदात बांधून दप्तरात ठेवतो. दोन दिवसांनी दप्तराला वास येतो, शेजारचा मुलगा नाक दाबतो आणि मारामारी होते. यावर नेहमीचा उपाय म्हणजे घरी निरोप पाठविणे. परंतु हे घर नेहमीचे नाही. सांभाळणाऱ्या बाईची स्वतःची दोन मुले असतात आणि नवरा आधीच कुरकुरत असतो. शाळेची तिसरी चिठ्ठी आली की ती म्हणते, "बाई, आता आमच्याने नाही होणार." शिस्तीच्या हेतूने लिहिलेल्या तीन ओळी मुलाचे आणखी एक घर मोडतात आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

दुसरा मार्ग असा की शिक्षकाने त्याला एक झाकणाचा डबा द्यावा, तो कपाटात ठेवू द्यावा आणि एवढेच सांगावे की उद्याही खिचडी शिजणार आहे. ज्याला कधीकाळी उपाशी झोपावे लागले, त्याचा या शब्दांवर पहिल्या दिवशी विश्वास बसत नाही. विसाव्या दिवशी डबा रिकामा राहू लागतो. येथे दया म्हणजे डोळ्यांत पाणी आणणे नव्हे; काल जे बोललो ते आज आणि उद्याही खरे ठरविणे होय. ज्याचे सारे काही बदलत गेले, त्याला न बदलणारा एक माणूस भेटावा, इतकेच हे काम आहे. ते सोपे मात्र नाही. असे मूल जो जवळ येतो त्याचीच परीक्षा पाहते, त्यालाच शिव्या देते; हाही आपल्याला टाकील, याची त्याला खात्री करून घ्यावयाची असते.

या जिल्ह्याला अशा शिक्षकवृत्तीचा वारसा आहे. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तेथून रुळला. पुढे कोसबादच्या टेकडीवर वारली मुले गुरे राखण्यात गुंतलेली आढळली, तेव्हा शाळा कुरणावर गेली. थोरल्या बहिणीच्या कडेवर धाकटे असते म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. मुलांना न्हाऊ घालणे, केस विंचरणे हा तेथे शिक्षणाचाच भाग मानला गेला. ही मुले परक्या घरची नव्हती हे खरे. तरी मूल शाळेला जुळत नसेल तर शाळेने मुलाला जुळवून घ्यावे, ही कोसबादची दृष्टी येथे तशीच लागू पडते.

वर्गातील पुष्कळशा जखमा नकळत होतात. 'माझी आई' हा निबंधाचा विषय फळ्यावर लिहिला जातो आणि एक मूल पाऊण तास कोरा कागद पाहत बसते. 'मला आवडणारी व्यक्ती' असा विषय दिल्याने कोणाचेच काही बिघडत नाही. प्रगतिपुस्तकावर आईवडिलांचीच सही हवी, असा आग्रह वर्गासमोर धरू नये. मदत वाटपाच्या कार्यक्रमात अनाथ म्हणून त्याला मंचावर उभे करून छायाचित्र काढणे हे तर सर्वस्वी गैर आहे. अशा बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास कायद्यानेच मनाई आहे. आई भेटून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मूल बिथरलेले असते. त्या दिवशी गणिताची चाचणी पुढे ढकलली तरी अभ्यासक्रम काही बुडत नाही. वसईच्या वर्गांत सामवेदी, वाडवळी, वारली, हिंदी, गुजराती अशा बोली एकत्र नांदतात. गप्प बसणारे मूल मंद आहे असा निष्कर्ष काढण्यापूर्वी ते कोणत्या बोलीत रडते, हे विचारून घ्यावे.

कागदपत्रांविषयी अधिकाऱ्यांनी अधिक कठोर नव्हे, अधिक जाणते व्हावे. शिक्षणहक्क कायदा, २००९ प्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला म्हणून मूल अडवून ठेवता येत नाही आणि मुलाला वयानुरूप वर्गात घ्यावे लागते. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस कलम १७ ने बंदी आहे. एक गोष्ट मात्र कोणत्याही कलमात न लिहिता करण्यासारखी आहे. संगोपनाचे घर बदलण्याची वेळ आलीच, तर शक्य तेथे शाळा तीच राहील असे घर पाहावे, ही सूचना शिक्षकाने समितीकडे अवश्य करावी. विरारहून नालासोपाऱ्यास राहावयास गेलेल्या मुलाला एक स्थानक पार करून जुन्या वर्गात येता येते. सोबत कोण करील, एवढाच प्रश्न उरतो आणि तो सुटण्यासारखा असतो.

शिक्षकाच्या ममतेलाही मर्यादा आहे. मूल आवडले म्हणून परस्पर स्वतःच्या घरी नेऊन ठेवणे योग्य नाही. तो निर्णय बालकल्याण समितीचा आहे. अंगावर वळ दिसले, मूल घरी जाण्यास घाबरू लागले, तर सांभाळणाऱ्यांना जाब विचारण्याच्या भरात वेळ न दवडता समितीला किंवा १०९८ या क्रमांकावर कळवावे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना देणे २०१२ च्या कायद्याने बंधनकारक आहे. तेथे घराची अब्रू, शाळेचे नाव या गोष्टी मध्ये येता कामा नयेत.

गावपातळीवर सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समितीची तरतूद आहे. पुष्कळ ठिकाणी तिची बैठक कागदावरच होते, हे मान्य करावयास हवे. तिने दर महिन्याला हजेरीपटावरून एवढे तरी पाहावे, की परक्या घरी राहणारे मूल सलग तीन दिवस आले नाही, तर चौथ्या दिवशी त्या घरी कोण गेले होते. शक्यतो वर्गशिक्षकानेच जावे, आणि जाताना तक्रारीची वही नेऊ नये. त्या मुलाने शाळेत काढलेले एखादे चित्र न्यावे.