शेल वायू आणि निर्णयाचा हक्क
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



युरोपच्या भूगर्भात वायू किती आहे, यापेक्षा तो काढायचा की नाही हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. शेल हा चिखलापासून बनलेला घट्ट खडक. त्यात कोंडलेला वायू सहजासहजी विहिरीकडे वाहत नाही. पाणी, वाळू व रसायने प्रचंड दाबाने सोडून खडक फोडावा लागतो. अमेरिकेत या तंत्राने उत्पादन झपाट्याने वाढले आणि युरोपलाही सुबत्तेची स्वप्ने दाखविण्यात आली.

पोलंडमध्ये ५,३०,००० कोटी घनमीटर वायू काढता येईल, असा अंदाज २०११ साली अमेरिकी सरकारच्या ऊर्जाविषयक संस्थेने केला. पुढच्याच वर्षी पोलंडच्या भूशास्त्र संस्थेने तो ३४,६०० ते ७६,८०० कोटींवर आणला. विहिरींनी निराशा केली. एक्सॉनमोबिलने २०१२ साली, तर शेव्हरॉनने २०१५ साली तेथील शोध सोडला. नफ्याची आशा मावळताच भांडवल निघून जाते. गाव मात्र तेथेच राहते.

अमेरिकेत जमिनीखालचे खनिज पुष्कळदा जमीनमालकाचे असते, त्यामुळे त्याला स्वामित्वधन मिळते. युरोपात ते बहुतांशी राज्यसंस्थेचे असते. परिणामी शेतकऱ्याच्या वाट्याला ट्रकांची वर्दळ आणि पाणी दूषित होण्याची भीती येते, लाभ येत नाही. जनमताच्या रेट्याने फ्रान्सने २०११ साली आणि बल्गेरियाने २०१२ साली या पद्धतीवर बंदी घातली. इंग्लंडमध्ये लँकेशायर परगण्याच्या निर्वाचित मंडळाने २०१५ साली परवानगी नाकारली. २०१६ साली लंडनच्या सरकारने तो निर्णय फिरवला. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथे २.९ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा कुठे नोव्हेंबरात काम थांबविण्याचा हुकूम निघाला. सप्टेंबर २०२२ मध्ये लिझ ट्रस यांच्या सरकारने ही स्थगिती उठवली. पुढच्याच महिन्यात ऋषी सुनक यांनी ती पुन्हा लागू केली. लोकांच्या नकाराला कायद्याचे भक्कम अधिष्ठान नसेल, तर तो सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर लोंबकळत राहतो, हाच याचा अर्थ.

परंतु येथे समाधान मानून चालणार नाही. युक्रेनवरील २०२२ च्या आक्रमणानंतर रशियाचा वायू आटला, आणि युरोपीय संघाने जहाजांतून येणारा द्रवरूप वायू मोठ्या प्रमाणावर विकत घेतला. २०२३ साली त्यातील जवळजवळ निम्मा अमेरिकेचा होता, आणि अमेरिकेच्या वायूचा मोठा भाग शेलचाच आहे. म्हणजे जो उपद्रव फ्रान्सच्या खेड्याने नाकारला, तो टेक्सास व पेनसिल्व्हानियातील वस्त्यांच्या माथी मारला गेला. ही समता नव्हे.

तेव्हा युरोपात शेल वायूला फारसे भवितव्य नाही, हे खरे असले तरी तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. घरे उबदार ठेवण्याची व कारखाने चालविण्याची सार्वजनिक, प्रदूषणरहित व्यवस्था उभी राहिली पाहिजे. आपल्या गावातील विहीर रोखणाऱ्याने दूरच्या गावातील विहिरीचाही विचार केला, तरच त्या लढ्याला समाजवादाचा अर्थ प्राप्त होईल.